थिबा पॅलेस: राजवाडा की बंदिवास?

१/ रत्नागिरीतील थिबा पॅलेसची ओळख बहुधा एकाच वाक्यात उरकली जाते: ब्रह्मदेशाच्या राजासाठी इंग्रजांनी बांधलेला आलिशान राजवाडा. या वाक्यात इंग्रज यजमान ठरतात आणि राजा पाहुणा. घडले ते उलट. न बोलावता मंडालेला गेले होते ते इंग्रजच.

२/ नोव्हेंबर १८८५. अवघ्या पंधरवड्याच्या मोहिमेत कोनबाँग घराण्याचे राज्य संपले. निमित्त सागवानाचे. ठरल्यापेक्षा अधिक लाकूड नेऊन महसूल बुडवल्याबद्दल ब्रह्मी दरबाराने बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला जबर दंड ठोठावला होता. (फ्रान्सच्या वाढत्या वावराची धास्तीही होतीच.) दंडाला उत्तर म्हणून आले ते सैन्य.

३/ थिबाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले गेले. या वास्तूत तो राहायला आला १९१० साली आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. म्हणजे तीस वर्षांच्या हद्दपारीतील जेमतेम सहा वर्षे या 'राजवाड्या'ची. तीही सरकारी पहाऱ्यात, सरकारी तनख्यावर. आणि वास्तूतील लाकूडकाम? ब्रह्मी सागवानाचे!

४/ यावर ठरलेला आक्षेप येतो: थिबा क्रूर होता, १८७९ मध्ये त्याच्या राजवटीत राजघराण्यातील अनेकांची कत्तल झाली, मग त्याची कणव कशाला? कत्तल खरीच. परंतु इंग्रजी फौज निघाली ती सहा वर्षांनी, सागवानाच्या दंडानंतर. शिवाय प्रश्न कणव करण्याचा नाही, वास्तूला तिच्या खऱ्या नावाने संबोधण्याचा आहे.

५/ याच रत्नागिरीत १९२४ पासून सावरकर स्थानबद्ध होते. तो काळ सांगताना 'स्थानबद्धता' हा शब्द कोणी गाळत नाही. थिबाच्या वाट्याला मात्र तोच शब्द येत नाही, केवळ त्याच्या बंदिवासाला कमानी आणि उतरती छपरे होती म्हणून?

६/ आज या वास्तूत शासकीय संग्रहालय आहे. तेथील शिल्पे पाहावीतच, पण संग्रहातील सर्वांत मोठी वस्तू म्हणजे ती वास्तू स्वतः. तिला इतर वस्तूंचे निव्वळ कपाट मानणारे संग्रहालय आपले पहिले काम विसरलेले असते.

७/ बहादूरशाह जफरची कबर रंगूनला, थिबाची समाधी रत्नागिरीत. २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपाशी येऊन गेले. त्यांना ही हद्दपारी समजावून सांगावी लागली नसेल. शालेय सहलीतील मुलांना ती सांगावी लागते. त्यांच्यासाठीच्या फलकावर १९१० च्या आधी १८८५ हे साल हवे.