पौलाचा भाचा आणि आपले पोलीस ठाणे



इंदूरच्या आपल्या वस्त्यांमध्ये रहवासी संघाच्या बैठकीत नगर सुरक्षा समितीचा विषय निघाला की मंडळीतले लोक बहुधा गप्प बसतात. कोणी म्हणते, आपण मूठभर, कशाला पुढे व्हायचे? कोणी म्हणते, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, तशी ठाण्याचीही चढू नये. आणि कोणी अगदी मनापासून विचारते, राखणारा परमेश्वर आहे, मग आपण शिट्टी घेऊन गल्लीत फिरणे हा अविश्वास नाही का?

तिन्ही बोलण्यांत काही ना काही तथ्य आहे. तरीही आम्हा स्वयंसेवकांचे मत असे की आपण नावे द्यावीत. मात्र पोलिसांची जादा काठी होण्यासाठी नव्हे, तर शेजाऱ्यांच्या वतीने बोलणारा साक्षीदार होण्यासाठी. या दोन कामांतला फरक वरून लहान दिसतो. पण माणसे वाचतात की मरतात, हे कधी कधी त्यावरच ठरते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात एक मुलगा भेटतो. त्याचे नावही दिलेले नाही. तो पौलाच्या बहिणीचा मुलगा, एवढेच कळते. चाळीसपेक्षा जास्त माणसांनी पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही अशी शपथ घेतली आहे, हे या मुलाच्या कानी पडते. तो काय करतो? काठी उचलत नाही, आपल्या बाजूची चाळीस माणसे गोळा करत नाही आणि घाबरून घरीही बसत नाही. तो गढीत जातो, मामाला सांगतो, आणि मग मामाच्या सांगण्यावरून शताधिपती त्याला सरदाराकडे नेतो.

पुढे सरदार काय करतो तेही पाहण्यासारखे आहे. तो त्या मुलाचा हात धरून त्याला बाजूला नेतो, एकांतात विचारतो, सगळे ऐकून घेतो आणि ही खबर तू मला दिलीस हे कोणाला सांगू नकोस, अशी ताकीद देऊन त्याला सुखरूप परत पाठवतो. त्याच रात्री दोनशे शिपाई, सत्तर स्वार आणि दोनशे भालेकरी यांच्या पहाऱ्यात पौलाला सुभेदाराकडे रवाना करण्यात येते. नागरिक आणि पोलीस यांनी एकत्र काम कसे करावे, हे सांगायला यापेक्षा वेगळी पुस्तिका नको. मुलाने खरी माहिती वेळेवर नेली. अधिकाऱ्याने त्याचे ऐकले आणि त्याचे नाव झाकले. बळाचा वापर ज्याच्याकडे तो अधिकार होता त्यानेच केला.

आपल्या काळातही असे घडलेले आहे. ठाणे जिल्ह्यातले भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. १९७० आणि १९८४ साली तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधायला सुरुवात केली. एकेका समितीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने घेतले. बडे पुढारी नव्हे, तर त्याच गल्लीत राहणारी साधी माणसे. शांततेच्या काळात हे लोक पोलिसांबरोबर बसत आणि किरकोळ भांडणे तिथल्या तिथे मिटवत. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली; तिथे सुमारे नऊशे माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. मुंबईला लागूनच असलेली, आधी दोनदा जळालेली भिवंडी मात्र शांत राहिली.

दंगलीच्या दिवशी तिथे कोणी चमत्कार केला नव्हता. एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे आधीपासून तयार होती. अफवा आली की ती खरी की खोटी हे कोणाला विचारायचे, ते ठाऊक होते. मुंबईनेही यातून धडा घेतला. १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. रिबेरो हे मूळ गोव्याच्या कॅथोलिक कुटुंबातले. आपल्यासारख्याच अल्पसंख्य समाजातला एक माणूस दोन मोठ्या समाजांच्या मध्ये बसू शकला. आपण मूठभर आहोत, हे मागे राहण्याचे कारण आहे की मध्ये बसण्याची संधी आहे, याचा विचार आपण करावा.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखे होईल. तामिळनाडूत १९९३ मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यातून 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' ही योजना सुरू झाली. हेतू चांगलाच होता: पोलीस आणि लोक यांच्यातली भीती कमी करायची. योजना राज्यभर पसरली. मग जून २०२० आला. टाळेबंदीत ठरलेल्या वेळेनंतर दुकान उघडे ठेवल्याच्या कारणावरून साथानकुलमच्या एका बापलेकाला पोलिसांनी पकडले. कोठडीत झालेल्या मारहाणीनंतर दोघेही मेले. त्या वेळी ठाण्यात असलेल्या काही स्वयंसेवकांचाही मारहाणीत हात होता, असा आरोप झाला. पुढच्याच महिन्यात तामिळनाडू सरकारने या योजनेवर बंदी घातली.

एकाच विचारातून निघालेल्या योजना इतक्या वेगळ्या का झाल्या? आम्हाला वाटते, भिवंडीत शेजारी शेजारीच राहिला आणि पोलीस त्याच्याकडे आला. साथानकुलममध्ये स्वयंसेवक पोलिसांत इतका मिसळून गेला, की तो कोणाच्या बाजूने तिथे आला होता याचाच विसर पडला. पौलाचा भाचा गढीत गेला खरा, पण तो सरदाराचा शिपाई झाला नाही.

म्हणून मंडळीतल्या ज्या बंधुभगिनींना नाव द्यायचे आहे, त्यांच्यापुढे आम्ही तीन मर्यादा ठेवतो.

पहिली, हात रिकामे ठेवायचे. समितीचे ओळखपत्र म्हणजे वर्दी नव्हे. कोणाला अडवून झडती घेणे, दमदाटी करणे, 'चौकशी' करणे हे आपले काम नाही. आपल्या समोर गंभीर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर कोणत्याही नागरिकाला त्या माणसाला पकडता येते. पण विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तसेच म्हटले आहे. त्या सहा तासांत एकही थप्पड मारण्याची मुभा कोणालाच नाही.

दुसरी, संशयाची यादी करायची नाही. कोणावर लक्ष ठेवायचे असे विचारले, की आपली बोटे नकळत झोपडपट्टीकडे, भटक्या जमातींकडे, परप्रांतातून आलेल्या मजुरांकडे वळतात. याकोबाने आपल्या पत्रात सभेत आलेल्या श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना खडसावले आहे. कपडे पाहून चोर ठरवणे हे त्याच पापाचे दुसरे रूप आहे. इंदूरहून मुंबईला जाताना धुळे लागते. त्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी जमावाने डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. कारण काय, तर मुले पळवणारी टोळी फिरते अशी मोबाईलवरून पसरलेली अफवा. त्या जमावातल्या पुष्कळांना आपण गावाची राखण करत आहोत असेच वाटले असेल. म्हणून अनोळखी माणसाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्याच्याजवळ जाऊन, 'दादा, कोणाकडे जायचे आहे?' असे नीट विचारावे. दहापैकी नऊ वेळा त्याला पत्ता सापडत नसतो, एवढेच.

तिसरी, एकट्याने किंवा फक्त आपल्याच लोकांनी जायचे नाही. फेरीला निघताना सोबत शेजारचे हिंदू, मुसलमान, शीख, जैन असावेत, स्त्रियाही असाव्यात. फक्त ख्रिस्ती लोकांचा गट ठाण्यात गेला तर ते शिष्टमंडळ होते. गल्लीतली सगळी माणसे मिळून गेली तर ती गल्ली असते.

आता ज्या भीतीबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही, तिच्याबद्दल. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्य कायदा २०२१ पासून नव्या रूपात लागू आहे. तेव्हापासून घरगुती प्रार्थनासभा घेतानाही अनेकांच्या मनात धाकधूक असते. आपल्यापैकी काहींचे ठाण्यात पहिले जाणे कोणाच्या तरी तक्रारीला उत्तर देण्यासाठीच झाले आहे. अशा लोकांना 'पोलिसांबरोबर काम करा' म्हणणे सोपे नाही, याची आम्हाला जाणीव आहे. बीटचा शिपाई आणि टीआय साहेब आपल्याला आधीपासून ओळखत असतील, तर एखाद्या खोट्या तक्रारीच्या वेळी आपले म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता वाढते, हेही खरे आहे. पण केवळ तेवढ्यासाठी जाऊ नये. तसे गेलो तर ती सेवा राहत नाही, सौदा होतो. आणि उद्या त्याच ठाण्यात दुसऱ्या कोणावर अन्याय होत असेल तेव्हा आपली मैत्री टिकवण्यासाठी आपण तोंड मिटून बसू.

इथेही पौलाकडेच पाहावे. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले होते. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला, तेव्हा पौल निमूटपणे निघून गेला नाही. त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावून सांगितले. जो पौल एका ठिकाणी गढीच्या अधिकाऱ्यावर विश्वास ठेवतो, तोच दुसऱ्या ठिकाणी अधिकाऱ्यांना त्यांची चूक दाखवून देतो. अधिकाऱ्यांचा मान राखणे म्हणजे त्यांच्या अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे. समितीत गेलेल्या आपल्या माणसाने ठाण्यात कोणाला मार बसताना पाहिले, तर त्याने तिथल्या तिथे बोलावे, वरिष्ठांना कळवावे, गरज पडल्यास मानवाधिकार आयोगाकडे लिहावे आणि ओळखपत्र परत करण्याची तयारीही ठेवावी.

आणि करायचे तरी काय? कामे साधीच आहेत. मंडळीत एकटे राहणारे वयस्क पुष्कळ आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. सध्या त्यांना चोरापेक्षा फोनचे भय अधिक. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो, 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचे सांगतो आणि आयुष्याची पुंजी काढून घेतो. फोनवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवावे. जितके लवकर कळवू तितकी रक्कम मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. हे प्रत्येक आजी-आजोबांच्या घरी जाऊन, चहा घेत, दोनदा समजावून सांगायचे. उपासनेनंतर नुसती सूचना वाचून भागत नाही.

रस्त्यात अपघात झाला तर अनेक जण पोलिसांच्या लफड्याला भिऊन पुढे निघून जातात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले. पुढे मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण वर्षातून दोन-चारदा ऐकतो. त्याच्याबरोबर हेही तरुण संघाला सांगायला हवे.

गल्लीतले बंद पडलेले दिवे, शाळा सुटल्यावर मुलींची छेड काढली जाते ती वळणे, दारूवरून रोज ज्या घरातून रडण्याचा आवाज येतो ते घर, या गोष्टी शेजाऱ्यालाच आधी कळतात. प्रसंग आणीबाणीचा असेल तर ११२, एरवी बीटचा शिपाई. आणि त्या रडणाऱ्या बाईकडे आपल्या महिला मंडळाच्या बहिणींनी आधी जावे, तिला विचारावे, मग तिच्याबरोबर ठाण्यात जावे. तिच्या आधी नाही आणि तिच्याशिवाय तर नाहीच.

शेवटी अविश्वासाच्या प्रश्नाबद्दल. परमेश्वराने नगर राखले नाही तर पहारेकऱ्याचे जागणे व्यर्थ, असे स्तोत्रकर्ता सांगतो. पण तो पहारेकऱ्याला झोपायला जा असे सांगत नाही. नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधताना देवाची प्रार्थनाही केली आणि पहाराही बसवला. कित्येकांनी तर आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. आपल्या घरासमोरचा तेवढा तुकडा आपल्याही वाट्याला आला आहे. त्याच्यापलीकडे राहणारा माणूस आपल्या धर्माचा नसेल, जातीचा नसेल, कदाचित आपल्यावर रुसलेलाही असेल. काइनाने देवाला उलट विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याही बाबतीत 'होय' असेच आहे.

ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी येत्या रविवारी उपासनेनंतर स्वयंसेवकांना भेटावे. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून पाठवावे, अशी आमची विनंती आहे. आणि ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी आपल्या गल्लीसाठी, आपल्या ठाण्यातल्या शिपायांसाठी आणि तिथल्या कोठडीत बसलेल्या माणसासाठी, तिघांसाठीही, नावे ठाऊक असतील तर नावे घेऊन प्रार्थना करावी.

प्रभू आपल्या घरांचे व आपल्या शेजाऱ्यांच्या घरांचे रक्षण करो. आमेन.