अवजार कष्टकऱ्याचे, हुकमत कंपनीची

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यातील श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्ट्यात गेल्या तीन दशकांत देशी-विदेशी भांडवलाने कारखान्यांची रांगच उभी केली. मोटारी तेथे तयार होतात, शीतकपाटे व धुलाईयंत्रे तेथे तयार होतात, आणि बॉश ह्या जर्मन कंपनीने हातात धरून चालवावयाच्या विद्युत-अवजारांचा कारखानाही ओरगडमलाच उभारला. शहराच्या दक्षिणेस जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या दुतर्फा ज्या टोलेजंग इमारती उठल्या, त्यांच्या मजल्यामजल्यांवर फरशी कापणारा, स्लॅब फोडणारा, लोखंडी जाळ्या घासणारा कामगार अशीच अवजारे हाताळतो. तो कधी विल्लुपुरमचा असतो, कधी ओडिशाचा, कधी बिहारचा. सोलापूर-लातूरकडील मिस्त्रीही असेच बिऱ्हाड पाठीवर घेऊन परप्रांतांत फिरत असतात. ही दोन्ही ठिकाणे एकाच महानगराच्या परिसरात असली, तरी एका ठिकाणी बनलेले यंत्र दुसऱ्या ठिकाणी बंद पडले म्हणजे त्यांच्यातील खरे अंतर कळते.

हा प्रश्न कोणा एका कंपनीचा नाही. नामांकित म्हणविणाऱ्या बहुतेक सर्व कंपन्यांची रीत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. साधा चार इंची ग्राइंडर दोन-तीन हजारांत येतो. परंतु काँक्रीट फोडणारा चांगला ब्रेकर घ्यावयाचा तर कित्येक दहा हजार मोजावे लागतात. एवढी रक्कम रोजंदारीवरच्या माणसाकडे नसते. ती मुकादमाकडून उचल घेऊन, सोने गहाण ठेवून किंवा हप्त्यावर उभी केली जाते. कर्ज फिटावयाच्या आतच आर्मेचर जळते. मग पावती व हमीपत्र घेऊन तो सेवा केंद्राकडे जातो आणि तेथे त्याला सांगण्यात येते की यंत्रावर क्षमतेपेक्षा जास्त भार टाकल्यामुळे ते जळले, सबब हमी लागू नाही. दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा नव्या यंत्राच्या निम्म्यावर गेलेला असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, आणि दुरुस्ती करावयाची नाही म्हटले तर उघडून तपासल्याचे शुल्क कित्येकदा वेगळेच.

हमीपत्राची भाषा एकदा बारकाईने वाचण्यासारखी असते. कार्बन, बेअरिंग, चकती, केबल हे झिजणारे भाग म्हणून हमीतून वगळलेले असतात. विजेचा दाब कमीजास्त झाला तर हमी नाही. धूळ शिरली तर हमी नाही. फरशी कापण्याचे यंत्र धुळीत चालवावयाचे नाही तर कोठे चालवावयाचे, हे मात्र कोणी सांगत नाही. खरेदीनंतर ठरावीक दिवसांत इंटरनेटवर नोंदणी केली नसेल तर हमीची मुदत आखडते. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, कंपनीच्या अधिकृत केंद्राखेरीज कोणीही यंत्र उघडले तर हमी रद्द. बिघाड कशामुळे झाला ह्याचा निर्णय करणारे तंत्रज्ञ कंपनीचे किंवा तिच्या एजन्सीचे नोकर. ज्याच्यावर आरोप तोच पंच, असा हा न्याय आहे. ह्याला सेवा केंद्र म्हणतात. सेवा कोणाची, ते उघड आहे.

वास्तविक पाहता ह्या अवजारांची दुरुस्ती ही काही गूढ विद्या नव्हे. मुंबईच्या मुलुंडला रॅलिवुल्फची ड्रिल यंत्रे बनत होती. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ येथे १९७६ साली कुलकर्णी पॉवर टूल्स ही कंपनी उभी राहिली. अशी यंत्रे आपल्या औद्योगिक वसाहतींतील वाइंडिंगवाले आर्मेचर नव्याने गुंडाळून, बेअरिंग बदलून वर्षानुवर्षे चालती ठेवीत आले आहेत. चेन्नईत अंबत्तूर आणि गिंडी येथील वसाहतींच्या आसपास, पॅरीज कॉर्नरच्या मागच्या गल्ल्यांत हे कसब आजही जिवंत आहे. परंतु नवी यंत्रे त्या कारागिराच्या हाताला बंद होत चालली आहेत. सुट्या भागांचे आराखडे व वायरिंगचे नकाशे त्याला मिळत नाहीत, अस्सल भाग उघड्या बाजारात वेळेवर येत नाहीत, आणि बॅटरीवर चालणाऱ्या अवजारांत तर एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसतच नाही. बॅटरी गेली की दुकानदार सांगतो, थोडे पैसे घालून नवे यंत्रच घ्या. यंत्र तंत्रदृष्ट्या मरावयाच्या आधी ते व्यापारदृष्ट्या मारावयाचे, ही मक्तेदारी भांडवलाची जुनी रीत आहे.

येथे काही कॉम्रेड असा आक्षेप घेतील की हा छोट्या मालकांचा, फार तर ग्राहक चळवळीचा प्रश्न आहे. कामगारवर्गाच्या पक्षाने त्यात कशाला शिरावे? हा आक्षेप वरवर पाहता शास्त्रशुद्ध वाटतो. उत्पादनाच्या साधनापासून तुटलेला तो कामगार, आणि येथे तर हातात स्वतःचे साधन आहे! परंतु ठेकेदाराच्या हिशेबाची वही उघडून पाहावी. फरशी बसविणाऱ्याला चौरस फुटावर दर मिळतो. तो दर ठेकेदार ठरवितो, कामाची जागा ठेकेदाराची, माल ठेकेदाराचा, नफा ठेकेदाराचा व त्याच्या वरच्या बिल्डरचा. यंत्राची झीज तेवढी कामगाराची. पूर्वी जो घसारा मालक आपल्या भांडवलात धरीत असे, तो आता मजुरीतून कापला जातो, आणि तो कापला गेला हे मस्टरवर कोठेही दिसत नाही. अशा माणसाला 'स्वयंरोजगारी' हे भारदस्त नाव देऊन भांडवलदाराने त्याला केवळ आपला खर्च वाहणारा हमाल केले आहे. यंत्र दुरुस्तीला पडले की त्याची मजुरीही पडते, आणि दुरुस्तीचे आठ-पंधरा दिवस त्याच्या घरी चूल कशी पेटते हा प्रश्न कोणत्याच हमीपत्रात येत नाही.

कायद्याची तऱ्हा पाहा. मालकाने सोपविलेल्या वस्तूचे कामगाराच्या हलगर्जीपणाने नुकसान झाले तर त्याच्या वेतनातून कपात करण्याची मुभा १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मालकाला दिली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती कायम आहे. मालकाच्या कामावर कामगाराचे स्वतःचे अवजार जळले तर काय, ह्याविषयी ती तरतूद मूक आहे.

मग उरतो ग्राहक संरक्षणाचा मार्ग. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'व्यापारी प्रयोजनासाठी' वस्तू विकत घेणाऱ्याला ग्राहकाच्या व्याख्येतून वगळले. ह्या दोन शब्दांनी किती जणांना दारातूनच परत पाठविले, ह्याचे उदाहरण महाराष्ट्र व तामिळनाडू ह्यांना जोडणारे आहे. तंत्रशिक्षितांना रोजगार देण्याच्या सरकारी योजनेखाली महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स ह्या लघुउद्योगाने मे १९९० मध्ये कोइंबतूरच्या पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडे सुमारे २१ लाख रुपयांचे संगणक-नियंत्रित लेथ यंत्र मागविले. यंत्र सहा महिने उशिरा आले आणि तेही सदोष, अशी त्यांची तक्रार होती. महाराष्ट्राच्या राज्य आयोगाने २ लाख ४८ हजार रुपये भरपाई देवविली. राष्ट्रीय आयोगाने तो आदेश रद्द केला, कारण यंत्र व्यापारी प्रयोजनाचे! ४ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. यंत्र चांगले की वाईट, हा मुद्दा ह्या वादात बाजूलाच राहिला.

तथापि ह्याच निकालपत्रात कष्टकऱ्याच्या उपयोगाचे एक हत्यार आहे, आणि ते आपल्या कार्यकर्त्यांना पुरेसे माहीत नाही. १९९३ च्या दुरुस्तीने कायद्यात असे स्पष्टीकरण घातले गेले होते की, केवळ स्वयंरोजगाराने आपली उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू ही व्यापारी प्रयोजनाची नव्हे. न्यायालयाने त्याचा अर्थ सांगताना उदाहरणेच दिली: टंकलेखन यंत्र घेऊन स्वतः टंकलेखन करणारा, रिक्षा घेऊन स्वतः चालविणारा, लेथ घेऊन स्वतः त्यावर उभा राहणारा हे सर्व ग्राहक आहेत, मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्यांचे ग्राहकत्व जात नाही. यंत्र सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती देऊन त्यावर कमावणारा मात्र ग्राहक नव्हे. कंपन्यांचे वकील ह्या निकालाचा पहिला भाग आयोगापुढे वाचतात. दुसरा भाग आपण वाचून दाखविला पाहिजे. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला, त्यातही हे स्पष्टीकरण टिकून आहे.

ह्याचा अर्थ नवा कायदा गरिबाचा कैवारी आहे असा नव्हे. हमीपत्रातील एखादी अट अन्यायकारक करार ठरवून घ्यावयाची असेल तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही. बारा हजारांच्या कटरसाठीही राज्य आयोगाकडे जावे लागते. बिघाडाचे कारण प्रयोगशाळेत तपासावयाचे झाल्यास तिचे शुल्क आधी तक्रारदारानेच भरावे, असा आदेश होऊ शकतो. निकालासाठी कायद्यात तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने ही मुदत लिहिली आहे. ती प्रत्यक्षात किती लांबते हे आयोगाची पायरी चढलेल्यांना सांगावयास नको.

सुट्या भागांच्या मक्तेदारीविषयी मात्र आपल्याच देशात एक महत्त्वाचा निर्णय झालेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग व बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देणे, हा त्यांचा अपराध होता. आयोगाने असेही बजावले की बाहेरच्या मिस्त्रीकडून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालता येणार नाही; चुकीच्या दुरुस्तीने जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरीही १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने हमी अबाधित राखण्यासाठी कंपनीचाच भाग वा कंपनीचीच सेवा पैसे मोजून घेण्याची सक्ती करण्यास बंदी घातली. मग मोटारवाल्याला जो न्याय, तो ड्रिल चालविणाऱ्याला का नको? मोटारवाल्यांमागे विमा कंपन्या, गॅरेजमालक, वर्तमानपत्रे उभी राहतात. ग्राइंडरवाल्यामागे युनियन उभी राहिली नाही तर कोणीच राहत नाही.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' ह्या नावाने समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक संकेतस्थळही सुरू केले. त्यासाठी निवडलेली क्षेत्रे चार: शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी. बांधकामावरच्या, सुतारकामाच्या, फॅब्रिकेशनच्या विद्युत-अवजारांचे स्वतंत्र नाव त्यांत नाही. दुसरीकडे अवजारे वाटण्याचा गाजावाजा मात्र थोर. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपयांची तरतूद आहे आणि व्यवसाय अठरा. परंतु फरशीवाला, वेल्डर, इलेक्ट्रिशियन त्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत. तामिळनाडूने ह्या योजनेला विरोध केला तो मुख्यतः ती कुलपरंपरागत धंद्याची अट घालून जातिव्यवस्थेला बळकटी देते म्हणून. तो विरोध योग्यच होता. २०२५ मध्ये तेथील द्रमुक सरकारने जातीची वा घराण्याची अट न ठेवता २५ व्यवसायांसाठी कलैञर कैविनै योजना सुरू केली, ही पुढची पायरी म्हटली पाहिजे. तरीही दोन्ही योजनांत अवजार विकत घेण्यापुरताच विचार आहे. सरकारी अनुदान दुकानातून सरळ कंपनीच्या गल्ल्यात जाते आणि वर्षभराने यंत्र बंद पडले म्हणजे कारागीर कर्जासह एकटा उरतो.

ज्या पट्ट्याचा उल्लेख आरंभी केला तेथेच, सुंगुवरछत्रमच्या सॅमसंग कारखान्यातील कामगारांना ९ सप्टेंबर २०२४ पासून सदतीस दिवस संप करावा लागला. मागणीच्या अग्रभागी काय होते? सीटूशी संलग्न असलेल्या आपल्या युनियनला मान्यता. युनियनची नुसती नोंदणी व्हावयालाही २०२५ चा जानेवारी उजाडला. तो कारखाना विद्युत-अवजारांचा नाही, परंतु भांडवलाची वृत्ती तीच आहे: कारखान्यात कामगाराने संघटित होऊ नये आणि बाहेर ग्राहकाने यंत्र उघडू नये.

बांधकाम कामगार व असंघटित कामगार ह्यांच्यातील आपल्या युनियन्सनी हा विषय मजुरीच्या मागणीपत्रात घ्यावा. चौरस फुटाच्या दरात अवजार भत्ता वेगळा दाखविलाच पाहिजे, आणि ठेकेदाराच्या कामावर जळलेल्या यंत्राची दुरुस्ती त्याच्या खर्चाने झाली पाहिजे. कल्याण मंडळांकडे बांधकामावरील उपकराचा जो निधी साठतो, त्यातून प्रत्येक मोठ्या शहरात एक दुरुस्ती केंद्र चालविणे अशक्य नाही. महाराष्ट्राच्या मंडळाने अवजार खरेदीसाठी ५ हजार रुपये देण्याची योजना काढलीच होती. चेन्नईत वा चिंचवडात असे केंद्र निघाले तर वाइंडिंगवाल्या कारागिरालाही काम मिळेल.

तोवर नाक्यावरच्या कार्यकर्त्याने निदान एवढे पाहावे की यंत्र घेताना कच्च्या चिठ्ठीऐवजी पक्की पावती घेतली जाते, ती यंत्र चालविणाऱ्याच्याच नावावर असते, ठेकेदाराच्या नव्हे, आणि सेवा केंद्राने हमी नाकारली तर ती कारणासह लेखी नाकारली जाते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही. शिवाय २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे पोटासाठी काम करतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते. म्हणून चेन्नईत काम करणाऱ्या मिस्त्रीला तक्रारीसाठी यंत्र विकत घेतलेल्या गावी जाण्याची गरज नाही, आणि हंगाम संपवून तो सोलापूरला परतला असेल तर तेथूनही ती दाखल करता येते.