तारा टिपायचा की रेघ?

हिवाळ्यात इशानंतर गच्चीवर मोबाइल घेऊन जाणाऱ्या मुलांची एक ठरलेली तक्रार आम्ही ऐकतो. डोळ्यांना तारा ठिपक्यासारखा दिसतो, फोटोत मात्र तांदळाच्या दाण्यासारखा लांबट येतो. मग घरात महागड्या मोबाइलचा हट्ट सुरू होतो. अम्मी-अब्बूंनी पैसे काढण्याआधी एक साधा हिशेब करून पाहावा. बहुतेक वेळा दोष मोबाइलचा नसतो. शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे राहिलेले असते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तारे सरकताना दिसतात. दोन मिनिटांत तारा साधारण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतका सरकतो. शटर 30 सेकंद उघडे ठेवले तर त्या रुंदीचा चौथा भाग. तीच फोटोतली रेघ.

यावर छायाचित्रकारांचा '500 चा नियम' आहे. 500 ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचे. उत्तर येईल तितके सेकंद. 24 मिमीला सुमारे 20 सेकंद, 50 मिमीला 10, 100 मिमीला फक्त 5. म्हणजे झूम वाढवला की वेळ कमी करायचा. आजच्या कॅमेऱ्यांचे पिक्सेल बारीक असल्याने अनेक जण 500 ऐवजी 300 घेतात. बहुतेक मोबाइलची मुख्य लेन्स 24 ते 26 मिमीच्या तोडीची असते. त्यामुळे 10 ते 12 सेकंद योग्य.

दिशेनेही फरक पडतो. ध्रुवताऱ्याजवळचे तारे फार कमी सरकतात. मृग नक्षत्रातले बाणाचे तीन तारे खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्याने सर्वांत वेगाने सरकतात. त्यांतल्या 'मिंटाका'चे नाव अरबी आहे, अर्थ कमरपट्टा. मराठीत जो बाण, तो अरबीत पट्टा! तिथे 10 सेकंदच ठेवावेत.

जास्त वेळ दिला तर जास्त तारे येतील, असे मुलांना वाटते. पण तारा पुढच्या पिक्सेलवर सरकला की आधीच्या पिक्सेलवर त्याचा प्रकाश पडत नाही. गावातल्या दिव्यांचा उजेड तेवढा साचत जातो. त्यापेक्षा 10 सेकंदांचे अनेक फोटो काढून अ‍ॅपमध्ये एकावर एक जुळवावेत.

मोबाइल स्टँडवर किंवा विटांच्या आधाराने घट्ट ठेवा. 'प्रो मोड'मध्ये आयएसओ 1600 ते 3200, फोकस अनंतावर आणि 2 सेकंदांचा टायमर लावा. चांद्र महिन्याचे शेवटचे आणि पहिले दोन-तीन दिवस निवडा. तेव्हा रात्रीचा बहुतेक वेळ चंद्र आकाशात नसतो.

मग बाणाच्या ताऱ्यांचे 30, 20 आणि 10 सेकंदांचे तीन फोटो काढा. ते मोठे करून घरातल्या सर्वांनी एकत्र पाहावेत. नवा मोबाइल घ्यायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे.