नदीचा पेपर कोणी तपासला?

शाळेत परीक्षेच्या दिवसांत आमचा एक जुना दंडक आहे. ज्या शिक्षकाचा मुलगा ज्या इयत्तेत असेल, त्या इयत्तेची प्रश्नपत्रिका त्याने काढायची नाही आणि उत्तरपत्रिकाही तपासायच्या नाहीत. यात त्या शिक्षकाच्या सचोटीवर अविश्वास नसतो. उलट, मुलाने स्वतःच्या बळावर मिळवलेल्या गुणांकडे उद्या कोणी बोट दाखवू नये, म्हणून ही सोय. तीस वर्षांत या दंडकाविरुद्ध कुरकुर करणारा एकही शिक्षक मला भेटला नाही.

मार्च २०२५ मध्ये आमच्या बडोद्यात विश्वामित्री नदी ‘नीट’ करण्याचे काम सुरू झाले. शहरातून जाणाऱ्या पात्रातला गाळ उपसायचा, पात्र रुंद करायचे, काठ तासायचे आणि हे सारे पावसाच्या आत, शंभर दिवसांत. योजना सरकारची आणि महापालिकेची, ठेकेदार त्यांनी नेमलेले, काम बरोबर झाले की नाही हे सांगणारेही तेच. मगरींसाठी वनखात्याची माणसे काठावर ठेवली होती, हे मला मान्य आहे. पण वनखाते तरी कोणाचे? आमच्या शाळेतला साधा दंडक एका नदीला लावण्याची बुद्धी कोणाला झाली नाही, एवढीच माझी तक्रार आहे. ती थोडी विस्ताराने सांगतो.

मी अभियंता नाही. एम. ए. केले ते मराठी घेऊन. तेव्हा ‘मास्तर, तुम्हाला पाण्यातले काय कळते?’ असे कोणी विचारील. पाण्यातले मला एवढेच कळते की, २०२४ च्या गोकुळाष्टमीला, म्हणजे २६ ऑगस्टला, ते आमच्या रस्त्यावर आले, दुसऱ्या दिवशी शाळेच्या तळमजल्यावर चढले आणि निघून गेले तेव्हा ग्रंथालयाच्या खालच्या तीन फळ्या व जनरल रजिस्टरचे अकरा खंड घेऊन गेले. काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदीने ३५ फुटांची रेघ ओलांडली होती. त्या तीन दिवसांत वनखात्याने शहराच्या वस्तीतून दोन डझन मगरी पकडल्या. एक तर अकोट्याला घराच्या छपरावर जाऊन बसली होती. दहा-बारा दिवसांवर गणपती आलेले, आणि आम्ही दांडिया बाजारात मूर्ती ठरवायला जाण्याऐवजी वर्गातला चिखल फावड्याने ओढत होतो. गायकवाडी अमदानीत नाव घातलेल्या मुलांच्या जन्मतारखा, गाव, जात, पालकांची सही असलेली ती पाने आम्ही बाकांवर उन्हात पसरली. शाई पसरली होती. आजही कोणाचा नातू आजोबांचा दाखला मागायला आला की, मी त्याला खुर्ची देतो आणि मग काय सांगावे हे मला सुचत नाही.

तेव्हा पुरावर उपाय नको, असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. प्रश्न आहे तो उपाय तपासला कोणी, हा.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून कमाटीबागेला वळसा घालत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. तिला सरळ चालण्याची सवय नाही. शहरातली तिची वळणे नकाशावर पाहिली तर एखाद्या मुलाने गिचमिड अक्षर काढावे तशी दिसतात. या वळणांना दोन्ही बाजूंनी कोतरे येऊन मिळतात. मातीच्या त्या खोल घळी, झाडोऱ्याने भरलेल्या. शहरातून कांसी येतात. कांस म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा नैसर्गिक ओहोळ. भूखी कांस, रुपारेल कांस, मसिया कांस ही नावे आमच्याकडे अजून तोंडात आहेत, जरी त्यांतल्या कित्येक आज नाल्याच्या नळ्यांत कोंबलेल्या असल्या तरी. आणि या कांसींच्या वाटेवर तळी आणि तलावड्या. पाऊस पडला की तलावडी आधी भरते, मग कांस वाहते, मग कोतर भरते, मग नदी चढते. प्रत्येक पायरीवर पाणी थोडे थांबते. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात बडोद्यावर जवळजवळ वीस इंच पाऊस कोसळला. एवढे पाणी एकदम नदीच्या अंगावर येऊ न देण्याचे काम या पायऱ्या करीत असतात. पायऱ्या बुजवल्या की तेच पाणी धावत सुटते, आणि आजव्याचे पाणी सोडलेले असेल तर दोन्ही मिळून आपल्या तळमजल्यावर येते.

हे कोणत्या गुप्त ग्रंथातले ज्ञान नाही. साबरमतीच्या धर्तीवर विश्वामित्रीचा ‘रिव्हरफ्रंट’ करायची टूम निघाली तेव्हा बडोद्यातल्याच काही नागरिकांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पीठाकडे धाव घेतली. २५ मे २०२१ रोजी न्यायाधिकरणाने निकाल दिला. नदीसाठी कृती-आराखडा अमलात आणा, तिची हद्द आखा, पूरमैदान राखा, असा त्याचा रोख होता. निकालाला तीन वर्षे झाली आणि २०२४ चा पूर आला. त्यानंतर मात्र एकदम घाई! तीन वर्षे ज्यांना हद्दीचे दगड रोवायला सवड झाली नाही, त्यांना शंभर दिवसांत नदी तासायला यंत्रे मिळाली.

आता मुद्दा तपासणीचा. कोणी म्हणेल, देशात पर्यावरणाचे कायदे आहेत, एवढे मोठे काम परवानगीशिवाय होतेच कसे? मी भाषेचा मास्तर असल्याने कायदा वाचताना माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाची मूळ अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. तिच्यात जनसुनावणीची तरतूद आहे आणि ती चांगली आहे. तीस दिवसांची सूचना द्यायची, सारांश लोकांच्या भाषेत उपलब्ध करायचा, जिल्हाधिकाऱ्याने किंवा त्याच्या प्रतिनिधीने समोर बसायचे, लोकांनी काय हरकती घेतल्या व प्रकल्पवाल्याने काय उत्तर दिले हे इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही लिहून काढायचे. वाचताना बरे वाटते. पण जानेवारी २०१६ मध्ये या अधिसूचनेला नववे परिशिष्ट जोडले गेले. त्यात कोणकोणत्या कामांना परवानगीच लागणार नाही याची यादी आहे. धरणे, बंधारे, नद्या व कालवे यांतील गाळ काढणे, जर ते ‘देखभाल, निगा आणि आपत्ती-व्यवस्थापन’ यासाठी असेल तर, त्या यादीत बसते. झाले! नदीचा काठ तासा, वळण मोकळे करा, कोतराचे तोंड बुजवा. वर ‘आपत्ती-व्यवस्थापन’ असे लिहिले की जनसुनावणीचा मांडव घालण्याचे कारणच उरत नाही. विहीर उपसणे आणि विहिरीचा घाटच बदलणे यांतला फरक आमच्या सातवीच्या मुलांना कळतो.

बरे, नदीला त्या दाराने जाता आले नाही तर पाणथळीच्या दाराने जावे, तर तेही बंद. पाणथळ जागांचे पहिले नियम २०१० चे, नवे २०१७ चे. दोन्हींत ‘पाणथळ’ या शब्दाच्या व्याख्येतून नदीचे मुख्य पात्र वगळलेले आहे. नव्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळीही वगळली. याची गंमत पाहा. डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव श्रीमंत सयाजीरावांच्या काळात, १९१० च्या सुमारास, सिंचनासाठीच बांधला गेला. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून येणाऱ्या बदकांचे थवेच्या थवे उतरतात. मुलांची सहल नेऊन मी ते पाहिले आहे. २०२१ मध्ये तो रामसर यादीत गेला, म्हणजे जगाच्या दृष्टीने महत्त्वाची पाणथळ ठरला. रामसर यादीत आला म्हणून नियमांचे संरक्षण मिळाले; नसता आला, तर आमच्याच नियमांच्या व्याख्येने तो पाणथळ नव्हता! जगाने ओळखले म्हणून घरच्यांनी पानावर घेतले.

उरल्या तलावड्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत देशातील २,०१,५०३ पाणथळी जपण्याचा आदेश दिला. हा आकडा उपग्रहाच्या नकाशावरून आलेला आहे, आणि त्यात सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे सुमारे साडेपाच एकरांहून मोठ्या जागाच धरल्या आहेत. आमच्या मोहल्ल्यातल्या तलावड्या त्याहून लहान. त्यांना ना नकाशात जागा, ना नियमांत, ना न्यायालयाच्या आकड्यात.

भाषेचे म्हणाल तर, दुभाषी मुलखात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे अनुभवाचे आहे. परिणाम-मूल्यांकनाचे नियम २०२० मध्ये बदलायचे ठरले तेव्हा मसुदा आला तो इंग्रजी आणि हिंदीत. त्या वर्षी ३० जून रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, आठव्या अनुसूचीतील साऱ्या भाषांत तो द्या. हरकती मागवायच्या लोकांकडून आणि मसुदा द्यायचा वकिलांच्या भाषेत! माझा आग्रह केवळ मराठीचा नाही. नदीकाठचा भाजीवाला गुजराती आहे, त्याला गुजरातीत कळले पाहिजे. आणि कळण्यासाठी आधी ते त्याच्यापुढे यायला हवे. विश्वामित्रीचे आडवे छेद, खोदाईची खोली, माती कुठे टाकणार याचा नकाशा काम सुरू होण्यापूर्वी वॉर्डाच्या कचेरीत भिंतीवर लावला असता, तर कोणाचे काय बिघडले असते?

काम कोणत्या महिन्यांत झाले तेही पाहावे. मार्च ते जून. शहरातल्या या नदीत चारशेहून अधिक मगरी आहेत आणि मगर हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. तोच काठ, तेच महिने आणि तिथेच यंत्रांचे दात! बाहेरच्या एकाही जाणत्या माणसाला आधी विचारले असते तर त्याने पहिला प्रश्न वेळापत्रकाचा विचारला असता.

यावर आमचेच काही शेजारी चिडतात. ‘तुमच्या मगरींपायी आम्ही दर वर्षी सोफे छपरावर चढवायचे का?’ त्यांचा राग मी समजू शकतो. माझ्या घरचा गॅसही चार दिवस बंद होता. पण त्यांनी एवढे सांगावे की, तासलेल्या पात्रातून वेगाने सुटलेले पाणी खालच्या खेड्यांत कोणाच्या घरात शिरणार? ढाढरकाठच्या शेतकऱ्याला कोणी विचारले का? आणि वरची तलावडी, मधली कांस बुजलेलीच राहिली, तर उपसलेला गाळ किती पावसाळे दूर राहील? तपासणी म्हणजे अडवणूक नव्हे. हेच प्रश्न तिथे कोणीतरी मोठ्याने विचारायचे असतात आणि उत्तर लेखी घ्यायचे असते. ते उत्तर कदाचित योजनेच्या बाजूनेही निघाले असते. मग आम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या.

इथवर लिहून थांबलो असतो तर मला बरे वाटले असते. पण दुसऱ्याचा पेपर तपासताना आपला लपवायचा, हे काही बरोबर नाही.

आमच्या शाळेच्या मैदानाच्या पूर्वेला एक सखल तुकडा होता. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचे, मुले बेडूक पकडत, एकदा बगळ्यांची जोडीही आली होती. २००९ मध्ये, डास होतात या कारणाने, आम्ही तिथे ट्रॅक्टर लावून माती टाकली आणि वर व्हॉलीबॉलचे मैदान केले. त्या वेळी मी पर्यवेक्षक होतो; ठराव मीच लिहिला. ‘मैदानाची देखभाल’ असे शब्द त्यात आहेत. उद्घाटनाचे छायाचित्र कचेरीत लागलेले आहे, त्यात मी नारळ हातात घेऊन उभा आहे. २०२४ ला पाणी शाळेत शिरले ते त्याच बाजूने.

पूर ओसरल्यावर आमचे निवृत्त शिपाई, ज्यांना सारी शाळा काका म्हणते, बघायला आले. ग्रंथालयाच्या पायरीवर बसून त्यांनी मैदानाकडे नुसते बोट केले. ‘साहेब, अहीं तो तलावडी हती.’ मी म्हटले, ‘काका, तेव्हा तुम्ही बोलला नाहीत.’ ते म्हणाले, ‘मने कोणे पूछ्युं?’

गेल्या जूनमध्ये मी विश्वस्तांच्या सभेपुढे अर्ज ठेवला की, ती माती काढून जागा पुन्हा सखल करावी. एका विश्वस्तांनी रास्त शंका काढली: ‘सर, हे तपासून कोण देणार?’ मी सांगितले, काकांना बोलवा, पलीकडच्या सोसायटीच्या लोकांना बोलवा, मैदानात उभे राहून बोलू, गुजरातीत बोलू, मराठीत बोलू आणि जे ठरेल ते लिहून फळ्यावर महिनाभर ठेवू. विषय पुढच्या सभेवर गेला आहे. मधल्या शनिवारी दहावीच्या मुलांना घेऊन मी व्हॉलीबॉलचे दोन खांब तेवढे उपटून ठेवले. ते आता जिन्याखाली आहेत.