जाम झालेला नट आणि मिस्त्रीचा मेहनताना

कपड्याच्या धंद्यात गादीइतकीच आता गाडीही महत्त्वाची झाली आहे. परभणीहून माल घेऊन जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णेच्या बाजाराला जाणारा व्यापारी पूर्वी एस.टी.च्या टपावर गठ्ठे टाकत असे. आज त्याच्याकडे जुनी का होईना, स्वतःची चारचाकी असते. या गाडीच्या इंजिनाची आम्ही फार काळजी घेतो. इंजिनाचा आवाज जरा बदलला की लगेच गॅरेज गाठतो. ब्रेकच्या बाबतीत मात्र आमची बेफिकिरी मोठी आहे. कारण उघड आहे. इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते आणि धंदा बुडतो. ब्रेक झिजला तर गाडी चालतच राहते, म्हणून कोणाला घाई वाटत नाही.

अलीकडे आणखी एक गोष्ट दिसते. गॅरेजची मजुरी महाग वाटते म्हणून घरातली तरुण पोरे मोबाईलवर चित्रफीत पाहून अंगणातच चाक खोलतात आणि ब्रेकचे पॅड स्वतः बदलतात. हे चांगले की वाईट, असा प्रश्न व्यापारी बंधू एकमेकांना विचारतात. आमचे मत असे की हाताने काम शिकण्यात कमीपणा काही नाही. पण कुठे थांबायचे हे ज्याला कळते त्यानेच ब्रेकला हात लावावा. आणि ज्या ठिकाणी आपण थांबतो, तिथून पुढे मिस्त्रीचा मेहनताना सुरू होतो, हेही मान्य करावे.

पॅड हे दुखण्याचे लक्षण

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पुढे दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात. मागे दोन शू ड्रमला आतून घासतात. नव्या पॅडचा मसाला साधारण 10 मिलिमीटर जाड असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली असे समजावे. ब्रेक दाबताना चिरका आवाज येणे, गाडी एका बाजूला ओढणे, एकच चाक जास्त तापणे, ब्रेक ऑईलची पातळी उतरणे या खुणा प्रत्येक गाडीवाल्याला कळल्या पाहिजेत. पातळी उतरली की वरून ऑईल ओतून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. पॅड झिजला की पातळी थोडी उतरतेच. पण ती भराभर उतरत असेल तर कुठे तरी गळती आहे, आणि गळतीवर ओतणे हा इलाज नाही.

खरी गोम पुढे आहे. एकाच चाकाचे दोन पॅड काढून शेजारी ठेवा. दोन्ही सारखे झिजले असतील तर ती नुसती झीज. एक जाड आणि एक पातळ निघाला, तर कॅलिपरची सरकती पिन किंवा आतला पिस्टन जाम झालेला असतो. अशा वेळी नुसते नवे पॅड बसवले तर पैसे पाण्यात जातात. नवा पॅडही त्याच बाजूने खाल्ला जातो, चाक तापते, डिस्क खराब होते. कपड्याचा तागा एकाच काठाला विरत असेल तर दोष मागाचा असतो. नवे सूत लावून तो जात नाही. ब्रेकचेही तसेच आहे.

आमच्या मुलखातली जाम

चित्रफितींतल्या गाड्या बहुधा थंड मुलखातल्या असतात. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या मिठाने लोखंड गंजते. आमच्या जिल्ह्यात मीठ नाही, काळी माती आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून गेलेल्या गाडीच्या चाकात हा चिखल बसतो आणि उन्हात विटेसारखा कडक होतो. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा पिनेवरची रबरी टोपी कडक होऊन फाटते. पुढच्या पावसात त्या फटीतून पाणी आणि गाळ आत जातो. पिन जाम होते ती अशी. दुसरे कारण ब्रेक ऑईल. हे ऑईल हवेतली ओल शोषून घेते. ओल वाढली की आतून पिस्टनला गंज चढतो आणि ऑईल कमी उष्णतेला उकळू लागते. डॉट 3 प्रतीचे कोरे ऑईल कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळता कामा नये असे मानक आहे. ओल भरलेल्या ऑईलसाठी हाच आकडा 140 अंश आहे. घाटात उतरताना ऑईल उकळले की नळीत वाफ होते, पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलणे हा खर्च नव्हे, विमा आहे.

मालाने भरलेल्या गाडीला हे जास्त लागू आहे. वेग दुप्पट केला की ब्रेकवर येणारी उष्णता चौपट होते. वरून कापडाच्या गाठी असतील तर आणखी वाढते. कल्याणहून निर्मलकडे जाणारा, पूर्वी 222 आणि आता 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणीवरून जातो. त्यावर रात्री दिवे नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढे येते. तिथे गादीवरचा हिशेब कामी येत नाही, ब्रेकच कामी येतो.

घरी काय करावे, कुठे थांबावे

चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत, मग गाडी उचलावी. काळ्या जमिनीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी ठेवावी. दुसऱ्या चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, लोखंडी स्टँड लावावा. कॅलिपर उतरवला की तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. पिस्टन मागे दाबताना वरच्या टाकीतले ऑईल चढते, सांडले तर रंग खाते, म्हणून लक्ष ठेवावे. पिनेला ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावावे, साध्या ग्रीसने रबर फुगते. पॅड किंवा शू बदलायचे तर डावे-उजवे दोन्ही बदलावेत. सगळे बसवून झाले की गाडी हलवण्याआधी ब्रेकचा पाय घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावा. ही शेवटची पायरी विसरली तर पहिल्या दाबाला पाय रिकामा जातो आणि गाडी समोरच्या भिंतीवर जाते.

आता थांबण्याची जागा. पिन हाताने हलत नाही, नटाचे कोपरे घासले गेले, हवा काढण्याची निपल फिरत नाही, पिस्टन मागे जात नाही, ऑईलची नळी खोलावी लागते, यातले एकही दिसले तर घरचे काम संपले. डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवता येते, पण त्याचा थेंबही पॅडवर किंवा डिस्कवर पडता कामा नये. मागचा ड्रम निघत नसेल तर आधी हँडब्रेक सोडलेला आहे का ते पाहावे. पुष्कळ ड्रमना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट सारखे सारखे आवळले की ड्रम सुटतो. तरीही नाही निघाला तर घणाचे घाव घालू नयेत. दोन पान्यांची ताकद लावून निपल तोडली की अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट रक्कम मग दुकानदाराला मोजावी लागते. आणि ज्या गाडीला ए.बी.एस. आहे तिचे ऑईलचे काम मिस्त्रीकडेच द्यावे. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे, त्यामुळे जुन्या बाजारातही आता अशा गाड्या पुष्कळ आल्या आहेत.

रफूगराचा हिशेब

भांडण होते ते इथे. समजा, मिस्त्रीने पॅड बदलण्याची मजुरी चारशे रुपये सांगितली. चाक खोलल्यावर पिन जाम निघाली. ती तापवून, ठोकून, साफ करून बसवण्यात अर्धा दिवस गेला. संध्याकाळी त्याने हजार मागितले. गाडीवाला म्हणतो, ही लूट आहे. एका पिनेचे सहाशे रुपये?

आम्ही कपड्याचे व्यापारी आहोत, म्हणून कपड्याचेच उदाहरण देतो. शेरवानीला भोक पडले तर आम्ही ती रफूगराकडे देतो. रफूगर वापरतो ते सूत दोन पैशांचे नसते. मजुरी मात्र आम्ही सुताची देत नाही, त्याच्या नजरेची आणि बोटांची देतो. विणीत वीण अशी मिळवायची की भोक कुठे होते ते सांगता येऊ नये, हे हुन्नर वीस वर्षांत येते. जाम झालेला नट न तोडता सोडवणे हेही असेच रफूचे काम आहे. किती उष्णता द्यायची, रबर कुठे आहे, कधी थांबून तेल मुरू द्यायचे, हे हातालाच कळते. शेरवानीची किंमत जपण्यासाठी आपण रफूगराशी घासाघीस करत नाही. मग जीव जपणाऱ्या हाताशी का करतो?

पण दुसरी बाजूही स्पष्ट बोलली पाहिजे. गाडीवाल्याचा संशय नेहमीच खोटा नसतो. नकली पॅड अस्सल खोक्यात घालून विकले जातात, हे बाजारात सर्वांना ठाऊक आहे. जुना भाग न दाखवता नव्याचे पैसे घेणे, न विचारता काम वाढवणे, या सवयी ज्यांना आहेत त्यांच्यामुळे सगळी जमात बदनाम होते. मालाचा ऐब सांगून विकावा हे आपण व्यापाऱ्यांना शिकवतो, मग कारागिरालाही तोच कायदा लागू आहे. मिस्त्रीच्या ताब्यात दिलेली गाडी ही अमानत आहे.

गॅरेजातल्या पोराची छाती

आणखी एका गोष्टीकडे आमचे लक्ष जात नाही. ड्रम उघडला की आत काळी भुकटी असते. शागीर्द पोरगा ती तोंडाने फुंकतो किंवा हवेच्या पाईपने उडवतो. जुन्या व हलक्या प्रतीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याच्या सर्वच प्रकारांनी कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात त्याच्या वापरावर अजून पूर्ण बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या तपासणीचे व आरोग्याच्या नोंदी ठेवण्याचे आदेश दिले. पण जिंतूर रस्त्यावरच्या टपरीवजा गॅरेजातल्या पोराची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे? इलाज स्वस्त आहे. भुकटी फुंकू नये, पाणी मारून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, नाकाला चांगला मास्क लावावा. ज्या गॅरेजात हे होते तिथे दहा रुपये जास्त द्यावेत. आणि 14 वर्षांखालचे मूल तिथे कामाला नसावे, ते शाळेत असावे.

सच्चर समितीच्या 2006 सालच्या अहवालात मोटार दुरुस्ती, वाहतूक आणि कापड या धंद्यांत मुस्लिम कामगारांचे प्रमाण मोठे असल्याचे नोंदले आहे. म्हणजे गाडीवाला आणि मिस्त्री, दोघेही पुष्कळदा एकाच मोहल्ल्यातले. उस्तादाच्या हाताखाली पंधरा वर्षे काढलेल्या कारागिराकडे हुन्नर असते, कागद नसतो. कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही आणि कंपनीचे सर्व्हिस सेंटर नोकरी देत नाही. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. आय.टी.आय.त मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. उस्तादांनी आपल्या शागीर्दांना या वाटेवर पाठवावे.

आमची सूचना साधी आहे. गॅरेजवाल्याने दर तीन ओळींत लिहून भिंतीवर लावावा: पॅड बदलण्याची मजुरी, ऑईल बदलण्याची मजुरी, आणि जाम भाग सोडवण्याची तासाप्रमाणे मजुरी. जाम भाग निघाला की काम थांबवून मालकाला फोन करावा, तो भाग दाखवावा, मग पुढे जावे. जुने पॅड पिशवीत घालून परत द्यावेत. गाडीवाल्याने खोलण्याआधीच विचारावे, जाम निघाले तर किती? उत्तर मान्य असेल तर नंतर घासाघीस करू नये. दर सहा महिन्यांनी, निदान पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, चारी चाके खोलून पाहावीत. माल वाहणाऱ्या गाडीची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असते. पण ती पास झाली म्हणजे वर्षभर ब्रेक शाबूत राहतो असे नाही.

कापड खराब निघाले तर गिऱ्हाईक ते परत आणून देते. ब्रेक खराब निघाला तर परत आणून द्यायला माणूस राहील याची हमी नाही. म्हणून या एका सौद्यात दोन्ही बाजूंनी भाव आधी बोलावा, माल अस्सल वापरावा आणि मेहनताना पूर्ण द्यावा.