भीतीचं पाणी आणि भरवशाचं पाणी



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट आहे. दोन दिवस चांगला पाऊस लागून गेला होता. रानात पाय रुतत होता. तिसऱ्या दिवशी चारीला पाणी आलं आणि आमच्या शेजारच्या एका जाणत्या बागायतदाराने उसाला पाणी सोडलं. मी म्हटलं, "अहो आबा, परवाच तर पाऊस झाला. अजून वाफसा नाही आला. कशाला देताय?" आबा शांतपणे म्हणाले, "आज पाळी आहे, आज घेतो. पुढची पाळी येते का नाही, कुणी बघितलंय?"

या उत्तरावर मी गप्प बसलो. कारण आबा अडाणी नाहीत. त्यांना वाफसा कळतो, उसाची गरज कळते. उसाला पाणी नको आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पाणी दिलं. ते पाणी उसाला नव्हतं, मनातल्या भीतीला होतं.

ही भीती उगीच आलेली नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. विहिरी कोरड्या पडल्या, जनावरं कवडीमोल विकली, बागायतदारांच्या घरच्या बायकासुद्धा खडी फोडायला गेल्या. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. त्या पिढीने आपल्याला एकच शिकवण दिली: मिळतंय तेव्हा घेऊन ठेव. उपाशी राहिलेल्या माणसाने भाकरी उशाशी ठेवून झोपावं, तसं हे आहे. त्याला हसू नये. पण भाकरी उशाशी ठेवली तर ती फार तर शिळी होते. पाणी रानात साठवून ठेवलं तर रान मरतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या मळ्यात ओढ्याकाठी दोन एकरांचं काळंभोर तुकडं होतं. वडिलांच्या हातचा तिथला ऊस एकरी ६० टनाला जायचा. वडील एक पाळी चुकवत नसत. रात्री दोनला पाणी आलं तरी कंदील घेऊन जात आणि सरी तुडुंब भरल्याशिवाय दार बंद करत नसत. पुढे पुढे सकाळी त्या रानावर पांढरी चादर दिसू लागली. ऊस पिवळा पडला, कांड्या आखूड झाल्या. आम्ही खत वाढवलं, आणखी पाणी वाढवलं. शेवटी एकरी १८ टन निघाला, त्यानंतर ते रान पडीकच राहिलं. तिथे आज वेडी बाभूळ उभी आहे. वडिलांनी कष्टात कसूर केली नाही. ते कष्टच उलटे फिरले.

याचं कारण शेतकी खात्याचा माणूस सांगतो ते सोपं आहे. भारी काळ्या जमिनीला निचरा कमी. जादा पाणी मुळाखाली साठतं, पाण्याची पातळी वर येते, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. हे आजचं दुखणंही नव्हे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच त्या खोऱ्यातल्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या होत्या. दुष्काळ निवारायला काढलेल्या कालव्याने चांगली रानं नासली! अति तेथे माती म्हणतात, इथे तर मातीही उरत नाही.

आता त्याच चारीच्या शेपटाला जाऊन बघा. तिथल्या सभासदाचा ऊस पाण्यावाचून वाळतो. म्हणजे एकाच चारीवर वरचा शेतकरी पाण्याने बुडाला आणि खालचा पाण्यावाचून बुडाला. पाणी तेवढंच होतं. वरच्याला वाटलं, आपल्याला पुढे मिळणार नाही, म्हणून त्याने जादा घेतलं. त्याने जादा घेतलं म्हणून खालच्याला मिळालं नाही. मग खालचा रात्री येऊन दार फोडतो, आणि त्यामुळे वरच्याची भीती खरी ठरते! टंचाई आभाळातून जितकी येते, तितकीच ती आपण एकमेकांच्या भीतीने तयार करतो.

यावर कुणी म्हणेल, मन मोठं करा म्हणजे झालं. माझं मत तसं नाही. नुसत्या उपदेशाने कुणाचं मन मोठं होत नाही. ज्याच्या पोरांची फी उसाच्या बिलावर अवलंबून आहे, त्याला "भरपूर आहे, काळजी करू नका" असं सांगणं म्हणजे थट्टा आहे. आणि पाणी भरपूर आहे असं समजून उधळणं ही तर समृद्धी नव्हेच. माझ्या मते समृद्धी म्हणजे उद्याचा भरवसा. ज्याला उद्याची पाळी नक्की येणार हे ठाऊक आहे, तो आज गरजेपुरतं घेतो. ज्याला भरवसा नाही, तो धरणाच्या काठी बसूनही दुष्काळीच असतो.

हा भरवसा निर्माण करता येतो का? येतो. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला ओझर आहे. तिथपर्यंत पाणी धड पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९९१ साली तिथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी मोजून घेतलं. संस्थेचा कोटा ठरला, त्या कोट्यात कुठलं पीक घ्यायचं ते शेतकऱ्याच्या मर्जीवर राहिलं. एका हंगामात वाचवलेलं पाणी पुढच्या हंगामात आपल्याच कामी येणार, हे कळल्यावर माणसं आपोआप पाणी वाचवू लागली. पुढे सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या संस्थांच्या हाती आलं. पाऊस तोच, धरण तेच. बदललं ते एवढंच, की आपला वाटा दुसरा पळवणार नाही ही खात्री आली. २००५ साली राज्याने पाणी वापर संस्थांचा कायदाही केला. कायदा आहे, आपल्या चारीवर संस्था का नाही, हे आपणच आपल्याला विचारायचं आहे.

जे पाण्याचं, तेच तोडणीचं. हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एकच गर्दी. प्रत्येकाला वाटतं, माझा ऊस मागे राहिला तर वाळेल, टोळी निघून जाईल, कारखाना बंद होईल. मग कुणी वशिला लावतो, कुणी टोळीला वरकड पैसे मोजतो, कुणी तर फड पेटवून देतो. कोवळा ऊस गव्हाणीत पडतो आणि पक्व ऊस शेतात तुरा काढून उभा राहतो. दोन्हीकडून उतारा घटतो. आणि आपला रास्त व किफायतशीर दर उताऱ्यावर ठरतो, तोही एकट्या-दुकट्याचा नाही, साऱ्या कारखान्याचा. ज्याने पुढे घुसून ऊस तोडून घेतला, त्याने स्वतःच्याच बिलातून पैसे कापून घेतले.

इथे सभासदाला बोल लावून आमच्या व्यवस्थापनाला मोकळं सोडता येणार नाही. तोडणी कार्यक्रम लागवड नोंदीच्या तारखेप्रमाणे चालला असता, तर कुणी गट ऑफिसात गर्दी केली नसती. एका संचालकाच्या पाहुण्याचा फड पाळी मोडून तुटला, की शंभर सभासदांचा भरवसा तुटतो. तो परत जोडायला पाच हंगाम लागतात.

आपल्या वडीलधाऱ्यांचं स्मरण करू. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने, सहकारी कारखाना उभा केला. भाग घेणारे काही गर्भश्रीमंत नव्हते. प्रत्येकाने हाच विचार केला असता, की माझ्याकडे आधीच थोडं, ते दुसऱ्याच्या थोड्यात का मिसळू, तर धुराडं उभं राहिलंच नसतं. थोडं थोडं एकत्र आलं म्हणून पुरून उरलं. सहकार म्हणजे हेच, दुसरं काही नाही.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, प्रत्येक चारीवर पाणी वापर संस्था नोंदवावी, पाणी मोजून घ्यावं, आणि शेपटाच्या सभासदाला पहिली पाळी द्यावी. शेजपाळीचा मूळ नियम तसाच आहे. दोन, तोडणीची यादी नोंदीच्या तारखेसह गट ऑफिसच्या फलकावर लावावी. पाळी मोडली तर कारणही तिथेच लिहावं, मग तो ऊस अध्यक्षांचा असो. तीन, क्षारपड झालेल्या जमिनींसाठी निचऱ्याचे चर एकेकट्याने न काढता शिवारभर एकत्र काढावेत. एकट्याने काढलेला चर शेजाऱ्याच्या बांधाला जाऊन थांबतो. चार, ठिबकाचं कर्ज देताना शेपटाच्या आणि लहान सभासदाचा अर्ज आधी घ्यावा.

कुणी विचारेल, पाणी कमी दिलं तर ऊस कमी येईल, मग कारखान्याला गाळपाला काय? त्याला मी माझ्या वडिलांचं ते दोन एकर दाखवीन. तिथे पाण्याची कधीच कमतरता नव्हती.

येत्या सभेत ताळेबंदावर बोलूच. पण त्याआधी एक करा. पुढच्या पाळीला दार उघडण्यापूर्वी वीतभर खाली उकरून मूठभर माती हातात घ्या आणि दाबून बघा. गोळा होत असेल तर दार उघडू नका आणि खालच्या शेजाऱ्याला हाक मारा. पुढच्या खेपेला तो तुम्हाला हाक मारील. भरवसा असाच, एकेका हाकेने, वाढत जातो.

— एक सभासद