मैदानाच्या आठवणी आणि त्यांचा हिशेब

डिसेंबर २०२५ च्या १३ तारखेला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये जे घडले, ते केवळ एका कार्यक्रमाच्या ढिसाळ आयोजनाचे उदाहरण म्हणून विसरून जाण्यासारखे नाही. लिओनेल मेस्सी या विश्वविख्यात खेळाडूच्या दर्शनासाठी हजारो रुपयांची तिकिटे काढून लोक आले. पण मान्यवरांच्या आणि छायाचित्रकारांच्या गराड्यात तो त्यांना धड दिसलाही नाही. थोड्याच वेळात तो निघून गेला आणि संतापलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या उखडून मैदानात भिरकावल्या. त्यानंतर कोलकात्यातील जुन्या फुटबॉलप्रेमींना ४८ वर्षांपूर्वीचा दिवस आठवला असल्यास नवल नाही. २४ सप्टेंबर १९७७ रोजी याच शहरातील ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्क कॉसमॉस या संघातून पेले खेळला होता. त्याच्यासमोर मोहन बागानचा संघ होता. श्याम थापा आणि महंमद हबीब यांनी गोल केले आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

या दोन दिवसांची तुलना करताना केवळ हळहळ व्यक्त करून भागणार नाही. १९७७ साली जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू आला तेव्हा त्याच्याशी झुंजणारे अकरा खेळाडू या मातीतले होते, आणि ‘पेले पाहिला’ असे सांगणारा वृद्ध त्याच श्वासात ‘गौतम सरकारने त्याला कसे रोखले’ हेही सांगतो. २०२५ च्या प्रेक्षकाजवळ मात्र पाहण्याखेरीज दुसरे काही नव्हते, आणि तेही त्याला मिळाले नाही. मधल्या काळात आपण काय गमावले, याचा शोध घेण्यासाठी जुन्या खेळाडूंच्या आठवणी हे एक साधन आहे. परंतु साधन म्हटले की त्याचा खरेपणा तपासणे ओघानेच आले.

या आठवणींना अलीकडे पुन्हा बहर येण्यास एक दुःखद निमित्त घडले. २० मार्च २०२० रोजी प्रदीपकुमार बॅनर्जी निवर्तले आणि त्यानंतर अवघ्या ४१ दिवसांनी, ३० एप्रिलला, चुनी गोस्वामींनी जगाचा निरोप घेतला. गोस्वामी गेले तेव्हा साथीमुळे सारा देश दाराआड होता. एरवी ज्यांच्या अंत्ययात्रेला कोलकात्याचे रस्ते अपुरे पडले असते, त्यांना मोजक्या लोकांनी निरोप दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुलसीदास बलरामही गेले आणि भारतीय फुटबॉलमधील ती प्रख्यात त्रयी संपली. साठ वर्षांपूर्वीचा खेळ पाहिलेले लोकही आता विरळ होत चालले आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल ते पुन्हा मिळणारे नाही, कारण त्या काळातील सामन्यांचे चित्रण फारच थोडे उरले आहे. बॅनर्जींची उजव्या बगलेवरील धाव आणि गोस्वामींची चेंडूवरील हुकमत यांचा खरा दप्तरखाना म्हणजे प्रेक्षकांची स्मरणशक्तीच होय.

या स्मरणाच्या केंद्रस्थानी जकार्ता आहे. ४ सप्टेंबर १९६२ रोजी आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. ज्या कोरियाकडून साखळीत ०-२ अशी हार पत्करली होती, त्यालाच अंतिम सामन्यात नमविले. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना प्रवेश नाकारला होता. त्यावर एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याने घेतलेल्या आक्षेपामुळे जकार्ताचे प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले होते. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग याला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी आघाडीवर खेळविले, आणि बॅनर्जींच्या पाठोपाठ दुसरा गोल त्यानेच केला. रहीम व्यवसायाने शाळाशिक्षक होते. जकार्ताला गेले तेव्हा कर्करोगाने त्यांना ग्रासले होते, आणि जून १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. एका शिक्षकाने घडविलेल्या विजयाची जाणीव देशाला साठ वर्षांनंतर चित्रपटगृहात व्हावी, यावर वेगळ्या भाष्याची आवश्यकता नाही.

चाहत्यांच्या आठवणी केवळ खेळाच्या असतात, हा समज चुकीचा आहे. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा पराभूत झाला तो गोऱ्या सैनिकांचा संघ होता. बहुतांश अनवाणी खेळाडूंनी मिळविलेल्या त्या विजयाची आठवण स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणीत मिसळून गेली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लाखो निर्वासितांना नव्या शहरात घर नव्हते, परंतु ईस्ट बंगाल हा संघ होता. त्या संघाचे आप्पाराव, सालेह, व्यंकटेश, धनराज आणि अहमद खान हे पाच आघाडीवीर ‘पंचपांडव’ म्हणून ओळखले गेले. त्यांतला एकही बंगाली नव्हता, तरीही निर्वासित बंगाल्याने त्यांना आपले मानले. ईस्ट बंगालच्या विजयानंतर हिलसा आणि मोहन बागानच्या विजयानंतर कोळंबी खाण्याची जी प्रथा पडली, तिच्यामागे दोन प्रदेशांचा, दोन दैवांचा इतिहास आहे.

या पार्श्वभूमीवर मुंबईकडे पाहिले म्हणजे विचारात पाडणारे दृश्य दिसते. फुटबॉलच्या परंपरेत मुंबई मागे नव्हती. रोव्हर्स चषक स्पर्धा येथे १८९१ साली सुरू झाली. कूपरेजच्या मैदानावर हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो चषक नेला, आणि त्या संघाचे गुरू रहीमच होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मुंबईत कॅलटेक्सच्या संघातून खेळत. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. जकार्ताच्या संघातील फोर्तुनातो फ्रँको हेही मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. असे असताना मुंबईच्या किती शाळकरी मुलांना डिसूझांचे नाव ठाऊक आहे?

क्रिकेटच्या लोकप्रियतेने फुटबॉलला झाकोळले, हे याचे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. कोलकात्यातही क्रिकेट लोकप्रिय आहेच. खुद्द चुनी गोस्वामींनी १९७१-७२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे नेतृत्व केले होते. खरे कारण संघांच्या रचनेत आहे. कोलकात्याचे मोठे संघ सभासदांचे होते. वर्गणी भरणारा कारकून आणि तंबूबाहेर रांग लावणारा विद्यार्थी यांना तो संघ स्वतःचा वाटे, आणि बापाचा संघ मुलाकडे वारशाने येई. मुंबईचे अनेक नामवंत संघ कंपन्यांचे, गिरण्यांचे, कचेऱ्यांचे होते. त्यांनी खेळाडूला नोकरी दिली, पगार दिला, निवृत्तिवेतन दिले. हे उपकार लहान नव्हेत. अनेक गोमंतकीय तरुणांचे संसार त्यावर उभे राहिले. परंतु कंपनीने संघ मोडला की त्याच्यासाठी रडणारा कोणी उरत नसे. २०१० साली महिंद्र युनायटेड हा गाजलेला संघ बरखास्त झाला. त्याआधीच रोव्हर्स चषक बंद पडला होता. संघ गेला, स्पर्धा गेली, आणि मग खेळाडूंची नावे कोणाच्या तोंडी राहणार? स्मृतीलाही संस्थेचा आधार लागतो, हा मुंबईचा धडा आहे.

स्मृतीचा महिमा गाताना तिच्या लबाडीकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. मेलबर्नचे चौथे स्थान सर्वांना आठवते, पण चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुऊन काढले होते, हे क्वचितच कोणी सांगतो. मेलबर्नलाही हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी खेळावी लागली नव्हती, आणि प्रत्यक्षात भारताने एकच सामना जिंकला. त्या काळी देशातील सामने सत्तर मिनिटांचे असत. बाहेर नव्वद मिनिटे खेळताना दमछाक होई. जपान, कोरिया, इराण हे देश तेव्हा नुकते कोठे उभे राहत होते. हे सारे लक्षात घेतल्याने बॅनर्जी, गोस्वामी, बलराम यांचे मोठेपण तसूभरही उणावत नाही. परंतु ‘सुवर्णयुग’ हा शब्द उच्चारताना त्या सोन्यात मिश्रण किती होते, हे माहीत असलेले बरे.

याहून गंभीर उदाहरण १९५० च्या विश्वचषकाचे आहे. अनवाणी खेळण्यास परवानगी नाकारल्यामुळे भारताने ब्राझीलला जाणे रद्द केले, ही कथा तीन पिढ्यांनी एकमेकींना सांगितली. कथा मोठी मनोहर आहे, पण ती खरी नाही. महासंघाने त्या स्पर्धेला ऑलिंपिकइतके महत्त्व दिले नाही. लांबचा प्रवास, खर्च, सरावाला अपुरा वेळ अशी कारणे पुढे झाली आणि चालून आलेली संधी दवडली गेली. ती संधी पुन्हा आजवर आलेली नाही. ‘बूट नव्हते’ या दंतकथेने खेळाडूंच्या गरिबीला तेजोवलय दिले आणि कारभाऱ्यांच्या अदूरदृष्टीला अभय दिले. ज्या आठवणीने दोषी व्यक्ती सुटते आणि निर्दोष व्यक्ती हास्यास्पद ठरते, ती आठवण कितीही गोड असली तरी समाजाला परवडणारी नाही.

उलट, काही कटू आठवणी कोलकात्याने प्रामाणिकपणे जपल्या आहेत, याची नोंद केली पाहिजे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्याच्या वेळी दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तो दिवस तेथे दरवर्षी रक्तदान करून पाळला जातो. ज्या उन्मादाने प्राण घेतले, त्याचे प्रायश्चित्त रक्त देऊन करणारे हे चाहते स्मरणाचा खरा अर्थ जाणतात.

१९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाचे सामने दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचले आणि आठवणींचा प्रवाहच बदलला. त्यानंतरच्या पिढीचा आवडता खेळाडू मॅराडोना झाला. कोलकाता, केरळ आणि गोवा येथील गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिना अशा विभागल्या गेल्या. उत्तम खेळ पाहावयास मिळणे ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु दूरच्या उत्कृष्टाची सवय झाली की जवळचे सामान्य सोसवत नाही. स्थानिक मैदानाकडे पाठ फिरली, आणि प्रेक्षक नाही म्हणून दर्जा नाही, दर्जा नाही म्हणून प्रेक्षक नाही, असे दुष्टचक्र सुरू झाले. सॉल्ट लेकवर फेकल्या गेलेल्या खुर्च्यांचे मूळ तेथपर्यंत जाते.

त्या चक्राचे फळ २०२५ साली सर्वांसमोर आले. जुलैत भारताचा संघ जागतिक क्रमवारीत १३३ व्या स्थानावर घसरला; १९९६ साली तो ९४ व्या स्थानावर होता. त्याच महिन्यात महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील करार संपत आल्यामुळे देशातील प्रमुख लीग स्थगित झाली आणि खेळाडू महिनोन्महिने अधांतरी राहिले. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली व २०२७ च्या आशिया चषकाचा मार्ग बंद झाला. ज्या गोव्याने फ्रँको दिले, त्याच गोव्यात हे घडावे, हा दैवदुर्विलास होय.

अशा वेळी जुन्या आठवणींत रमणे म्हणजे पलायन, असा आक्षेप येऊ शकतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु स्मृतीला सामर्थ्यही असते. २०२० साली मोहन बागानच्या फुटबॉल संघाचे एका व्यापारी संघाशी विलीनीकरण होऊन त्याच्या नावामागे परक्या नावाची अक्षरे लागली. समर्थकांनी ती कधीच मनाने स्वीकारली नाहीत. त्यांचा निषेध सुरू राहिला आणि २०२३ साली ती अक्षरे काढून टाकावी लागली. ज्यांना १९११ आठवत होते, त्यांनीच हे घडवून आणले. मुंबईच्या बरखास्त संघांच्या मागे असे कोणी उभे नव्हते.

म्हणून प्रश्न आठवावे की विसरावे हा नसून काय आठवावे आणि कशासाठी, हा आहे. ज्यांनी कूपरेज, मडगाव आणि कोलकात्याचे मैदान पाहिले, त्यांच्या आठवणी ते हयात असेतोवर लिहून घेणे, जुन्या वृत्तपत्रांशी त्या पडताळून पाहणे, संघटनांची दप्तरे जपणे ही कामे खर्चिक नाहीत. महासंघाने ती करावीत हे उचित. न केल्यास महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आणि शाळांतील शिक्षकांनी ती हाती घ्यावीत. बलराम यांना १९६२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, परंतु पद्म सन्मान अखेरपर्यंत त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि महासंघाविषयीची खंत मनात ठेवूनच ते गेले. त्यांचा गौरव आता त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. त्यांच्या काळाची खरी हकिगत मात्र पुढच्या मुलांपर्यंत पोहोचू शकते. ती पोहोचली, तर १९५० साली संधी कोणी दवडली आणि १९६२ साली ती कोणी साधली, यांतला फरक त्यांना कळेल, आणि आजच्या कारभाऱ्यांना कोणता जाब विचारावयाचा, हेही कळेल.